बाबा इज यू: नियमच ढकलायचा गेम

नवीन गेमची आयडिया सांग म्हटलं की बहुतेक जण स्टोरी सांगायला लागतात, एक राज्य असतं, एक शापित तलवार असते, मग हिरो निघतो वगैरे. ऐकायला छान वाटतं, पण खेळणाऱ्याने त्यात करायचं काय असं विचारलं की परत तेच, पळा, उड्या मारा, गोळ्या घाला. म्हणून मला बाबा इज यू बद्दल लिहायचंय. यात स्टोरी जवळपास नाहीच, आणि तरी इतकी भन्नाट कल्पना मी बऱ्याच वर्षांत दुसऱ्या कुठल्या गेममध्ये बघितली नाहीये.

वरून दिसणारं चौकटींचं छोटं मैदान, त्यात बाबा नावाचा पांढरा सशासारखा प्राणी, भिंती, दगड, झेंडा. ढकलाढकलीची कोडी काही नवीन नाहीत, खोकी ढकलायचा सोकोबान हा गेम १९८२ चा आहे. पण इथे गेमचे नियमसुद्धा शब्दांचे ठोकळे होऊन त्याच मैदानात पडलेले असतात. बाबा इज यू म्हणजे तुम्ही बाबा, वॉल इज स्टॉप म्हणजे भिंत अडवणार, फ्लॅग इज विन म्हणजे झेंड्याला शिवलं की जिंकलात. आणि हे ठोकळेपण ढकलता येतात! स्टॉप बाजूला सरकवला की भिंतीतून आरपार चालत जायचं. फ्लॅगच्या जागी वॉल आणून ठेवला की झेंडा कशाला पाहिजे, समोरची भिंतच जिंकून देते. आणि पहिल्यांदा वॉल इज यू झालं, बाण दाबला आणि मैदानातल्या सगळ्या भिंती एकदम चालायला लागल्या तेव्हा मी खरंच ओरडलो.

लेव्हल किती विचार करून बांधल्यात हे मात्र अडकल्यावर कळतं. ठोकळा ढकलता येतो, ओढता येत नाही, म्हणून जे वाक्य मोडू द्यायचं नाही ते कोपऱ्यात चिकटवून ठेवलेलं असतं. म्हणजे लेव्हल उघडल्यावर आधी कोपऱ्यात बघायचं, काय कायमचं आहे, आणि मग मधे मोकळं पडलेलं, तिथेच उत्तर आहे. चुकून यू मोडला तर तुम्ही कोणीच उरत नाही, बटणं दाबून काही हलत नाही, पण अनडू एकेक पाऊल मागे पार सुरुवातीपर्यंत नेतं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण चुकायची भीती गेली की माणूस वेडेवाकडे प्रयोग करून बघतो आणि या गेममध्ये तेच तर करायचंय.

बनवणारा फिनलंडचा आर्वी टेइकारी. २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये, म्हणजे थोड्या वेळात गेम बनवायच्या मेळाव्यात, पहिलं रूप झालं, लाव्हामध्ये बर्फ पडलाय पण आइस इज नॉट मेल्ट असं लिहिलंय म्हणून तो वितळत नाही, एवढं एक चित्र डोक्यात आलं आणि त्यातून गेम निघाला. पूर्ण गेम मार्च २०१९ ला आला, दोनशेच्या वर लेव्हल, २०२१ मध्ये मोबाइलवरही आला. मला हे चित्र फार शिकवून जातं. सुपरहॉट या गेमचं पण तसंच, तुम्ही हललात तरच वेळ पुढे सरकतो, एका वाक्यात सांगून झालं आणि ऐकताक्षणी हात शिवशिवायला लागतात. आपल्या आयडियाचं असं एक वाक्य होतंय का बघा, आणि त्यात खेळणाऱ्याने करायची क्रिया आहे का तेही बघा.

आता खटकणाऱ्या गोष्टी. मधल्या भागापासून गेम भयंकर अवघड होतो आणि हिंट अजिबात नाही. एका लेव्हलला मी तीन दिवस अडकलो होतो, शेवटी सोडून पुढच्या खेळलो, नकाशावर एका वेळी बऱ्याच लेव्हल उघड्या असतात म्हणून ते जमतं. ग्राफिक्स मुद्दाम साधे, खडूने काढल्यासारखे, मला आवडले पण चकाचक बघायची सवय असेल त्यांना नाही आवडणार. लहान मुलांसोबत खेळायला मात्र मस्त आहे, ती नियम मोडायला आपल्यासारखी कचरत नाहीत.

खेळून झाल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. इंग्रजीत हे सगळं शब्दांच्या क्रमावर चालतं. मराठीत केलं तर प्रत्ययच ठोकळे करता येतील. दगड, ने, भिंत, फुटणार असे ठोकळे, म्हणजे दगडाने भिंत फुटणार, मग तो ने उचलून भिंतीला लावला की भिंतीने दगड फुटणार, बाकी शब्द जागचे हललेसुद्धा नाहीत! दगडचं दगडा आणि भिंतचं भिंती आपोआप कसं करायचं ते अजून सुटलं नाहीये, बहुतेक प्रत्यय चिकटला की ठोकळ्यावरचा शब्दच बदलायला लागेल. कागदावर सहा लेव्हल काढून झाल्यात, सातवीत ला आणि ने दोन्ही एकत्र आणायचेत.