टेबल सेलचा ॲक्सेसरी व्ह्यू: काही महिन्यांच्या वापरानंतर

यूआयकिट म्हणजे आयफोन ॲपचे पडदे बांधायची ॲपलची लायब्ररी. तिच्या टेबलमध्ये सेलच्या, म्हणजे एका ओळीच्या, उजव्या कडेला नुसता बाण किंवा बरोबरची खूण हवी असेल, तर ॲक्सेसरी टाइप, म्हणजे तयार खुणांपैकी एक निवडणं, पुरतो. एका ओळीत काम होतं. कस लागतो तो तिथे स्वतःचं बटण किंवा स्विच बसवताना. असा आपला घटक, म्हणजे ॲक्सेसरी व्ह्यू, दिला की टाइपकडे सेल बघतही नाही, आणि पुढचं सगळं आपल्या गळ्यात पडतं.

पहिला घोळ आकाराचा. बटण बनवलं, सेलला दिलं आणि स्क्रीनवर काहीच नाही! फ्रेम, म्हणजे त्याची चौकट, शून्य राहिलेली असते. सेल जागा ठरवतो, आकार आपण दिलेला धरतो. मजकुराला पुरेल असा आकार देणारं साइझ-टू-फिट बोलवा, नाहीतर सरळ 44 बाय 44 पॉइंटची फ्रेम द्या. बोटाला तेवढी जागा लागतेच. आणि एकच इमेज व्ह्यू सगळ्या सेलना वाटू नका. व्ह्यूला पालक एकच असतो, त्यामुळे चित्र शेवटच्या सेलमध्येच दिसतं.

टॅपचं दुखणं जास्त चिवट. ॲक्सेसरी बटण दाबल्याचा डेलिगेट कॉल, म्हणजे टेबलकडून आपल्या कोडला येणारी सूचना, फक्त तयार 'आय'च्या (माहितीच्या) बटणांसाठी येतो, आपल्या बटणासाठी नाही. मग बरेच जण बटणाच्या टॅगमध्ये, म्हणजे व्ह्यूला जोडता येणाऱ्या आकड्यात, ओळीचा क्रमांक ठेवतात. मधली एक ओळ डिलीट झाली की खालच्या दिसणाऱ्या सेलचे टॅग जुनेच राहतात आणि बटण ऑर्डर रद्द करायचं असेल तर भलतीच ऑर्डर रद्द होते. त्याऐवजी बटणाचा मध्यबिंदू टेबलच्या कोऑर्डिनेटमध्ये बदलून घ्या आणि त्या बिंदूवर कोणती ओळ आहे ते टेबललाच विचारा.

स्क्रोल करताना टेबल जुनेच सेल नव्या ओळींना वापरतं; या रियूजमधला एक बग सहज नजरेतून सुटतो. बटण दाबल्यावर काय करायचं ते नोंदवायचे दोन मार्ग: ॲड-टार्गेट आणि ॲड-ॲक्शन. ॲड-टार्गेट तेच टार्गेट आणि तीच ॲक्शन असेल तर दोनदा नोंदवत नाही. ॲड-ॲक्शनला मात्र दर वेळी नवी यूआयॲक्शन दिली, की जुनीही राहते. थोडं स्क्रोल केल्यावर एका टॅपला तीन कॉल. ॲक्शनला ठरावीक आयडेंटिफायर दिला की नवी जुनीची जागा घेते. ज्या ओळीला ॲक्सेसरी नको, तिथे निल (म्हणजे 'काही नाही') लिहायला विसरू नका.

बरोबरची खूण टिंट कलर, म्हणजे आपण ठरवलेला ठळक रंग, घेते, बाण घेत नाही. रंगीत बाणासाठी इमेज व्ह्यूच लागतो; चिन्ह 'शेवरॉन डॉट फॉरवर्ड' घ्या, म्हणजे उर्दूत तो आपोआप उलटतो. एडिट मोडची ॲक्सेसरी वेगळी, ती वेगळीच द्यावी लागते.

एका सेलला दोन-तीन ॲक्सेसरी हव्या असतील तर इथे कुंथत बसू नका. आयओएस 14 पासून कलेक्शन व्ह्यूच्या (टेबलच्या लवचीक पर्यायाच्या) लिस्ट सेलला त्यांची यादीच देता येते. एका स्विचसाठी चालू टेबल मोडण्यात मात्र अर्थ नाही.