सिल्व्हर सेबर की बँडिडो? जुना टेसोरो घेताना

टेसोरो या कंपनीचा जुना मायक्रोमॅक्स, म्हणजे त्यांच्या हलक्या, छोट्या डब्याच्या मालिकेतला मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू शोधणारं यंत्र), घ्यायचा ठरला की गाडी बहुधा याच दोन नावांवर अडते. वजन आणि बॅटरी यांत निवडण्यासारखं फारसं काही नाही. दोन्ही पडदा नसलेली, कानावर चालणारी यंत्रं. खरा फरक एका नॉबचा: बँडिडोवर (पूर्ण नाव ‘बँडिडो टू’) ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज दाबणारी जुळणी, हाताने लावता येतो, सिल्व्हर सेबरमध्ये तो कारखान्यातूनच बसवून येतो.

सौम्य मातीत सेबरच सोयीचा, हे आधी मान्य करतो. चालू करा, डिस्क्रिमिनेशन (नको असलेले धातू गाळायची पातळी) लावा, फिरवायला लागा. विसरायला काही उरतच नाही. गडबड लोहयुक्त मातीत होते. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची शोधचकती, गवताच्या ठोंबाला आपटली, खड्ड्यावरून गेली किंवा फेरीच्या टोकाला वर उचलली गेली, की खाली काही नसताना तुटक आवाज येतात. त्यावर सेबरकडे एकच उपाय, सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) उतरवणे. म्हणजे खोलवरची बारीक नाणी सोडून देणे. आत बोर्डवर बॅलन्सचा एक ट्रिमर (बारीक जुळणीचा स्क्रू) असतो आणि प्लास्टिकच्या पेचकसाने तो किंचित फिरवता येतो, पण माती बदलली की पुन्हा डबा उघडायचा. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

बँडिडोवर हेच काम मिनिटभराचं. ऑल-मेटलमध्ये (काहीच न गाळणाऱ्या मोडमध्ये) थ्रेशोल्ड, म्हणजे मागे सतत चालणारा बारीक आवाज, जेमतेम ऐकू येईल इतका ठेवा. धातू नसलेली जागा शोधून कॉइल फूटभर वर धरा आणि जमिनीपासून दोन बोटांवर आणा. खाली येताना आवाज वाढला तर नॉब डावीकडे, बुडाला तर उजवीकडे. दर वेळी कॉइल पुन्हा वर नेऊन थ्रेशोल्ड नीट बसू द्या आणि मगच खाली आणा. ही पायरी गाळली की आधीच्या आवाजावरून चुकीचा अंदाज येतो. वर-खाली आवाज सारखा राहिला की झालं. अगदी नेमकं जमत नसेल तर बॅलन्स किंचित धन बाजूला, म्हणजे खाली येताना आवाज जरासा वाढेल असा, सोडावा. ऋण बाजूला बारीक लक्ष्य गिळलं जातं.

तोटाही आहे. चालताना नॉबला धक्का लागतो आणि तो हलल्याचं लगेच कळत नाही. आवाज विचित्र वाटला तर आधी बॅलन्स तपासावा, मग मातीला दोष द्यावा.

डिस्क्रिमिनेशनबाबत दोघांना एकच सल्ला: लोखंडी खिळा गाळला जाईल इतकंच ठेवा. शीतपेयाच्या डब्याची ओढून काढायची चकती टाळायला पुढे नेलंत तर पातळ सोन्याची अंगठीही तिच्याबरोबर जाते, कारण दोन्हींचा प्रतिसाद जवळपास एकाच पट्ट्यात येतो. ओल्या खाऱ्या वाळूत मात्र दोन्ही वैतागच देतात. तिथे फिशर कंपनीचा सीझेड डिटेक्टर बरा, तो ५ आणि १५ किलोहर्ट्झ एकत्र वापरतो.

वापरलेलं यंत्र घेताना कॉइल स्थिर ठेवून केबल मुळाशी हलवा. खरखर आली तर आत तार तुटत आली आहे. कॉइलचं कव्हर काढून अडकलेली वाळू झटका, खोटे आवाज कित्येकदा तिचेच असतात. नॉब फिरवताना आवाज तुटत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो टोकापासून टोकापर्यंत वीस-तीसदा फिरवा. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट थर दिसला तर आतला बोर्डही पाहून घ्या. जादा कॉइल मिळत असेल तर पिना मोजा आणि मॉडेल जुळवा, टेसोरोच्या सगळ्या कॉइल एकमेकांना चालत नाहीत. कंपनी २०१८ मध्ये बंद झाली, तेव्हा आजीवन वॉरंटीच्या नावाखाली कोणी जास्त पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.

बागा आणि खेळाची मैदानं एवढ्यावरच भागणार असेल आणि सेबर बराच स्वस्त मिळत असेल तर जरूर घ्या. किमतीत थोडकाच फरक असेल तर मी बँडिडोकडे वळेन, फक्त त्याचा बॅलन्सचा नॉब दोन्ही टोकांपर्यंत न अडखळता फिरतो ना, एवढं हातात घेऊन पाहीन.