दांडिया बाजारातील लसीकरणाचा दवाखाना : एक अभिप्राय

बडोद्यात दांडिया बाजाराच्या एका गल्लीत असलेल्या या छोट्या दवाखान्यात आम्ही घरातील ज्येष्ठांना दरवर्षी फ्लूच्या लशीसाठी नेतो. लस टोचल्यावर अर्धा तास थांबवून घेतात आणि त्या वेळात डॉक्टर स्वतः मराठीतून समजावतात की, पुरेशी प्रतिपिंडे (विषाणूशी लढणारी शरीरातील प्रथिने) तयार होण्यास साधारण २ आठवडे लागतात, उतारवयात हा प्रतिसाद बऱ्याचदा क्षीण असतो, आणि लशीमुळे आजार गंभीर होण्याचा धोका कमी होत असला तरी संसर्ग पूर्णपणे टळतोच असे नाही. म्हणून गर्दीत मास्क वापरणे आणि हात धुणे चालूच ठेवावे. २०२१ मध्ये कोविडच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांनाही विषाणूच्या डेल्टा या प्रकाराची लागण होत होती, हे आठवले की हा सल्ला मनापासून पटतो. येथील कर्मचारीही स्वतः लस घेऊन मास्क वापरतात आणि खिडक्या उघड्या ठेवतात, ही मला या दवाखान्याची सर्वांत मोलाची बाब वाटते. मात्र खोकणाऱ्या रुग्णांना वेगळे बसवण्याची सोय नाही. इतक्या दक्ष ठिकाणी ही उणीव फार खटकते आणि ती लवकर दूर व्हावी. शुल्क आधी सांगतात, पावती देतात. नवरात्रात गरब्याला जाणाऱ्यांनी त्याच्या किमान २ आठवडे आधी येथे जावे.