ग्लॅन-टेलर प्रिझम पुन्हा घेईन, त्याचं मोटरचं माउंट नाही

आमच्या दुर्बिणीवरच्या इमेजिंग पोलॅरिमीटरच्या (ताऱ्यांच्या प्रकाशाचं ध्रुवण, म्हणजे त्याची कंपनं किती प्रमाणात एकाच दिशेत आहेत ते, मोजणारा कॅमेरा) कॅलिब्रेशनसाठी कॅल्साइट स्फटिकाचा ग्लॅन-टेलर प्रिझम (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश तेवढा पुढे सोडणारा) घेतला, तो मोटरवर फिरणाऱ्या माउंटसकटच आला. दोन हंगाम रोज हाताळल्यावर लिहिते आहे. ज्यांना असाच संच घ्यायचा आहे त्यांना आधी एकच सांगते: प्रिझम आणि माउंट या दोन वेगळ्या वस्तू समजा.

प्रिझमचं काम सरळ आहे. ताऱ्याचा प्रकाश मधल्या धुळीतून येताना जेमतेम एक-दोन टक्के ध्रुवित होतो. तेवढंसं मोजणाऱ्या उपकरणाला आधी पूर्ण ध्रुवित प्रकाश दाखवायचा आणि ते किती टक्के सांगतं ते बघायचं. डोमच्या पडद्यावर दिवा, दुर्बिणीच्या वाटेत प्रिझम, मग हाफ-वेव्ह प्लेट (ध्रुवणाची दिशा वळवणारी स्फटिकाची चकती) ०, २२.५, ४५ आणि ६७.५ अंशांवर ठेवून चार एक्स्पोजर. मागचा वोलॅस्टन प्रिझम एकमेकींशी काटकोनात ध्रुवित अशा दोन प्रतिमा वेगळ्या करतो, त्यांच्या गुणोत्तरावरून क्यू आणि यू, म्हणजे ध्रुवण किती आणि कोणत्या दिशेत ते सांगणारे दोन आकडे, निघतात. आमच्याकडे व्ही (हिरवट-पिवळ्या) फिल्टरमध्ये ९८.९ टक्के आले, बीमध्ये (निळ्या) ९७.४. तो दीड टक्क्यांचा फरक प्लेटचा होता, आणि तो आम्हाला तोवर माहीतच नव्हता.

पण प्रिझमची खरी कमाई पुढे आहे. आमची हाफ-वेव्ह प्लेट भौतिकशास्त्रज्ञ पंचरत्नम यांच्या रचनेची आहे: तीन प्लेट ठरावीक कोनांत एकावर एक. १९५५ साली त्यांनी मांडलेली ही रचना निळ्यापासून तांबड्यापर्यंत ध्रुवणाच्या दोन घटकांमधला अर्ध्या तरंगाचा फरक जवळपास सारखा ठेवते, पण त्याच्या बदल्यात प्लेटचा अक्ष तरंगलांबीप्रमाणे थोडा थोडा वळतो. म्हणजे एकाच ताऱ्याचा ध्रुवणकोन बी आणि आय (तांबड्यापलीकडच्या, अवरक्त) फिल्टरमध्ये वेगळा दिसतो आणि वाटतं, काहीतरी नवीन सापडलं! प्रिझम जागेवर ठेवून एकामागून एक फिल्टर बदलले की हा वळण्याचा आलेख तासाभरात हातात येतो, तोही भर दिवसा. आमच्या प्लेटचं हे वळण बी ते आय अडीच अंशांचं निघालं. आधीच्या हंगामाचे सगळे कोन त्यावरून दुरुस्त करावे लागले.

आता तक्रारी. सोबतच्या प्रमाणपत्रात विलोपन गुणोत्तर (हव्या दिशेच्या प्रकाशाच्या तुलनेत नको त्या दिशेचा किती निसटतो ते) एक लाखास एक लिहिलं होतं, ते खरंही आहे, पण चाचणी ६३२.८ नॅनोमीटरच्या लेझरवर, समांतर किरणांत झालेली. दुर्बिणीचा किरणशंकू समांतर नसतो. एफ/१० ला (फोकसचं अंतर दुर्बिणीच्या व्यासाच्या दहापट) कडेचे किरण साधारण तीन अंश तिरके येतात, आणि या प्रिझमची चालणारी कोनमर्यादाच मुळात काही अंशांची. आमचं एफ/१३ असल्याने निभावलं. एफ/८ पेक्षा वेगवान, म्हणजे आठहून लहान आकड्याच्या, शंकूत हा प्रिझम घालू नका.

फोकसचंही सांगायला हवं. कॅल्साइटमधून प्रिझमला हवा असलेला किरण १.४८६ अपवर्तनांकाने जातो, त्यामुळे फोकस जाडीच्या जवळजवळ एक-तृतीयांश मागे सरकतो. १२ मिलिमीटरच्या प्रिझमला ४ मिलिमीटर. पहिल्या रात्री सगळे तारे फुगलेले दिसले आणि मी हवेला दोष देत बसले होते.

माउंटनं मात्र खूप त्रास दिला. एक म्हणजे प्रिझममधून बाहेर पडणारा किरण तीन कलांनी (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वाकडा जातो. प्रिझम फिरवला की ताऱ्याची प्रतिमा कॅमेऱ्याच्या सीसीडी चिपवर वर्तुळ काढते. प्रिझम फोकल प्लेनच्या ३० सेंटिमीटर पुढे आहे, म्हणजे त्या वर्तुळाची त्रिज्या १३.५ मायक्रॉनच्या १९ पिक्सेलांएवढी. त्यामुळे प्रिझम फिरवून मोजण्याचा नाद सोडला. प्रिझम स्थिर, फिरायचं ते प्लेटनंच. दुसरं, वीज गेली-आली की होम सेन्सर दर वेळी वेगळी जागा शून्य मानतो, कधी ०.४ अंशांपर्यंत फरक. प्लेटची चूक आकाशावरच्या कोनात दुप्पट होते, प्रिझमची तेवढीच राहते, एवढाच दिलासा. पुरवठादाराला फोटो आणि लॉग पाठवले, नवा सेन्सर चार महिन्यांनी आला आणि तोही तसाच.

काळजीची गोष्ट: कॅल्साइट मऊ असतो, कठीणपणाच्या मोह्स मापात ३. लेन्सच्या कागदानं एकदाच पुसला आणि कडेला केसाएवढी रेघ उमटली. फक्त हवेचा बल्ब वापरा.

आणि प्रिझमकडून हे मागू नका: उपकरणाचं स्वतःचं ध्रुवण. शंभर टक्क्यांच्या झगमगाटात ०.१ टक्का कुठे दिसणार? त्यासाठी जवळजवळ अध्रुवित ताराच हवा, आम्ही बीडी +२८ ४२११ घेतो आणि दहा लाखांहून जास्त फोटॉन जमेपर्यंत थांबतो. कोनाचा शून्यही शेवटी आकाशातूनच येतो. मापदंड म्हणून वापरल्या जाणाऱ्या बीडी +६४ १०६ या ताऱ्याचं व्हीमधलं ध्रुवण ५.६९ टक्के, कोन ९६.६ अंश. प्रिझमवरून काढलेली कार्यक्षमता (वरचे ९८.९ टक्के) लावून आमचं उत्तर ५.६७ आलं, तेव्हा मी टेबलावर थाप मारली.

साधी पोलरॉइड फिल्म पातळ, मोठ्या फील्डला पुरणारी आणि फोकस फारसा न हलवणारी असते. नुसतं व्हीमध्ये काम असेल तर तीच घ्या. पण ७५० नॅनोमीटरच्या पुढे ती नको त्या दिशेचा प्रकाशही सोडू लागते, आणि आमचं निम्मं काम आयमध्ये.

मोटरची वायर मी आता काढून टाकली आहे. प्रिझमच्या कड्यावर आणि चौकटीवर सुईनं समोरासमोर दोन रेघा ओढल्या, भिंग लावून जुळवते आणि स्क्रू आवळते. गेल्या नऊ रात्रींत शून्य ०.०५ अंशाच्या आत राहिला आहे.