नऊ महिने 'गो' वापरल्यावर

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत दहा वर्षं काढली, आता नऊ महिने ऑफिसात रोज दुसरी भाषा, 'गो'. भाषा वेगवान आहे, हे सांगून झालंय सगळ्यांचं. मी ती शिकलो दुसऱ्यांचा कोड वाचून, आणि तो वाचता आला गोफम्टमुळे.

गोफम्ट हा भाषेबरोबरच येणारा फॉरमॅटर. एडिटरला जोडून ठेवला की फाइल सेव्ह करताच कोड त्याच्या पद्धतीने मांडून मोकळा. टॅब की स्पेस, हे तो विचारतच नाही. पहिले पंधरा दिवस चिडचिड झाली. फंक्शनचा महिरपी कंस खालच्या ओळीवर घ्यायची माझी जुनी खोड. इथे तसं केलं तर कोड कंपाइलच होत नाही, म्हणजे चालण्याजोगा तयारच होत नाही, कारण वरच्या ओळीच्या शेवटी कंपाइलर स्वतःच अर्धविराम धरतो, म्हणजे विधान तिथेच संपलं असं मानतो. न वापरलेला इम्पोर्ट, म्हणजे आणलेलं पण न लागलेलं पॅकेज, राहिला तरी अडला गाडा. पण महिन्याभराने 'स्ट्रिंग्ज' या मजकूर (स्ट्रिंग) हाताळणाऱ्या पॅकेजचा सोर्स उघडला, तर तो शेजारच्या टेबलावर कुणी लिहिल्यासारखा दिसला. भाषेच्या लायब्ररीत असं बिनधास्त डोकवायची हिंमत मला आधी कधी झाली नव्हती.

डॉक्युमेंटेशनचंही तसंच. फंक्शनच्या डोक्यावरची कॉमेंट हेच डॉक्युमेंटेशन, आणि रिवाजाप्रमाणे तिची सुरुवात फंक्शनच्या नावाने. खरी गंमत उदाहरणांत आहे. टेस्टच्या फाइलमध्ये उदाहरण लिहायचं, खाली 'आउटपुट' म्हणून अपेक्षित उत्तर द्यायचं. टेस्ट चालवली की ते पडताळलं जातं, आणि तेच उदाहरण डॉक्युमेंटेशनमध्ये झळकतं. त्यामुळे ते शिळं झालं की टेस्टच बोंब मारते. पूर्वी ट्युटोरियलमधला कोड जसाच्या तसा उतरवून तो का चालत नाही म्हणून रात्री घालवल्यात, म्हणून याचं अप्रूप.

तक्रारी आहेतच. सगळीकडे व्हेरिएबलची नावं एकाक्षरी. नवख्याला 'आर' म्हणजे रीडर की रिक्वेस्ट, हे वर जाऊन बघावं लागतं. तारखेचा फॉरमॅट तर कहर! साचा म्हणून 2 जानेवारी 2006, दुपारी 3 वाजून 4 मिनिटं 5 सेकंद हीच वेळ लिहायची. मी सवयीने 'डीडी-एमएम' लिहिलं आणि रिपोर्टवर तारखेच्या जागी तीच अक्षरं छापून आली. डॉक्युमेंटेशनमध्ये सगळं होतं, मी वाचलं नव्हतं.

आणि आपली लिपी. पायथनमध्ये 'नाव' नावाचं व्हेरिएबल चालतं, गोमध्ये नाही. इथे काना हे अक्षर धरत नाहीत. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत देवनागरीचं नाव घेऊन ही मर्यादा कबूल केली आहे, एवढाच दिलासा. स्ट्रिंगमध्ये आणि कॉमेंटमध्ये मात्र मराठी खुशाल लिहा.

म्हणून टीममध्ये कुणी नवीन आलं की मी एक अर्धवट उदाहरण देतो: 'नाव' या स्ट्रिंगची लांबी छापा, आउटपुट तुम्ही भरा. कुणी 2 लिहितं, कुणी 3. टेस्ट म्हणते 9, कारण गो इथे बाइट मोजते. मग चहा मागवून यूटीएफ-8 वर, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी साठवतात त्यावर, बोलायला बसतो.