चिपरोव्त्सीतलं घरगुती अतिथिगृह

बल्गेरियाच्या वायव्य टोकाला, सर्बियाच्या सीमेलगत, स्तारा प्लानिना डोंगररांगेच्या कुशीत चिपरोव्त्सी आहे. ऑटोमन (तुर्की) सत्तेविरुद्धच्या १६८८च्या उठावानंतर त्यांच्या फौजांनी उद्ध्वस्त केलेलं हे गाव. खोली साधी, पण लख्ख. भिंतीवर लोकरीचा किलीम, म्हणजे सपाट विणीचा गालिचा, दोन्ही बाजूंनी सारखाच देखणा. मालकीणबाईंनी उभ्या मागावर तो कसा विणतात तेही दाखवलं. ही कला २०१४पासून युनेस्कोच्या यादीत आहे. घेवड्याचं गरमागरम सूप आणि दही, अहाहा!

तालुक्यात हे एकच छोटंसं शहर, बाकी सगळी खेडी. तरुण मंडळी राजधानी सोफियाला नाहीतर परदेशी गेलेली, कित्येक घरांना कुलपं. म्हणूनच पैसे मोठ्या हॉटेलांपेक्षा अशा घरी खर्चावेत, असं मला मनापासून वाटतं. स्वतःची गाडी असलेली बरी. गावच्या संग्रहालयासाठी निवांत वेळ ठेवा.