मॉडर्न वॉरफेअर ३ : समीक्षकांचा राग कुठे योग्य, कुठे अपुरा

'कॉल ऑफ ड्यूटी' या युद्धावरील नेमबाजीच्या व्हिडिओ गेम मालिकेतील 'मॉडर्न वॉरफेअर ३' हा गेम १० नोव्हेंबर २०२३ रोजी बाजारात आला आणि मालिकेच्या मुख्य गेमपैकी क्वचितच एखाद्याला सोसावी लागली असेल इतकी कठोर टीका त्याच्या वाट्याला आली. परीक्षणे एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावरील सरासरी गुण पन्नाशीतच राहिले आणि गेमविषयक संकेतस्थळ आयजीएनने कॅम्पेनला, म्हणजे एकट्याने खेळायच्या कथाभागाला, १० पैकी ४ गुण दिले. आगाऊ खरेदी केलेल्यांसाठी कॅम्पेन २ नोव्हेंबरलाच खुले झाल्यामुळे पहिली परीक्षणे केवळ त्यावर बेतलेली होती, आणि मल्टीप्लेअर, म्हणजे खेळाडूंनी ऑनलाइन आपसांत लढायचा विभाग, हाती येईपर्यंत गेमबद्दलचे मत बहुतांशी पक्के झाले होते. कॅम्पेन फसले आहे याबद्दल माझेही दुमत नाही. परंतु बहुतेकांनी बोट ठेवले ते त्याच्या लांबीवर, आणि खरे दुखणे तिथे नाही.

कॅम्पेन चार-पाच तासांत संपते हे खरे. मात्र या मालिकेची जुनी कॅम्पेनेही फार मोठी नव्हती आणि तरीही ती लोकांच्या स्मरणात राहिली. इथे उणीव भासते ती रचनेची. गेम बनवणाऱ्या स्लेजहॅमर गेम्स या स्टुडिओने या वेळी 'ओपन कॉम्बॅट मिशन' नावाचा प्रकार आणला असून कॅम्पेनचा मोठा भाग त्यानेच व्यापला आहे. खेळाडूला एका मोकळ्या परिसरात सोडायचे, नकाशावर काही ठिकाणे दाखवायची आणि तिथवर कसे पोहोचायचे ते त्याच्यावर सोपवायचे, ही कल्पना मुळात चांगली आहे. प्रत्यक्षात 'गोरा डॅम'सारख्या मिशनमध्ये काय घडते ते पाहावे. धरण उडवण्यासाठी पेरलेली स्फोटके शोधून निकामी करायची असतात. वाटेत पेट्या उघडून बंदुका आणि चिलखताच्या प्लेट्स गोळा करायच्या. एकदा दिसलो की शत्रू चहूबाजूंनी धावून येतात. मेल्यावर पुन्हा सुरुवात करताना आधी सापडलेली शस्त्रे आपल्याकडेच राहतात. परिसर व्हर्डान्स्क या काल्पनिक शहराचा, म्हणजे वॉरझोन हा मालिकेचाच मोफत ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांच्या पायाखालचा, आणि प्लेट्स व पेट्याही वॉरझोनच्याच. सोबत कोणी साथीदार नसल्यामुळे कानावर पडतात ते फक्त रेडिओवरचे आदेश. ज्या मालिकेने पटकथेच्या काटेकोर बांधणीवर नाव कमावले, तिने ती बांधणीच सोडून दिली आणि तिच्या जागी दुसरे काही उभे केले नाही.

(पुढच्या परिच्छेदात कथेचा शेवट उघड केला आहे.)

याचा सर्वांत जास्त फटका कथेला बसतो. मकारॉव्हसारखा खलनायक हाताशी असताना त्याचा धाक वाटावा एवढा अवकाशच त्याला मिळत नाही. अखेरच्या मिशनमध्ये बोगद्यात तो सोप या नायकांपैकी एका सैनिकाला गोळी घालतो, आणि काही क्षणांत कथा संपतेसुद्धा. याच नावाच्या २०११च्या जुन्या गेममध्येही सोप मरतो. पण तिथे जखमी सोपला त्याचा सहकारी प्राइस प्राहाच्या रस्त्यांवरून उचलून नेत असतो आणि खेळाडू गोळीबारात त्या दोघांचे रक्षण करत असतो. सोपला वाचवण्याची धडपड आपल्या हातांनी केलेली असते, म्हणूनच ते मरण झोंबते. इथे आपण फक्त प्रेक्षक असतो. इतक्या वर्षांच्या पात्राला असा घाईघाईचा निरोप द्यायला नको होता.

ब्लूमबर्गने दिलेल्या वृत्तानुसार हा गेम आधीच्या भागाची जोड म्हणून सुरू झाला होता आणि नेहमीपेक्षा बऱ्याच कमी काळात तो पूर्ण करावा लागला; स्टुडिओच्या प्रमुखांनी मात्र हे म्हणणे नाकारले. खरे काहीही असो, ७० डॉलर मोजणाऱ्याला समोरच्या मालावरूनच पारख करावी लागते, आणि या कॅम्पेनमध्ये घाई ठायी ठायी जाणवते.

मल्टीप्लेअरच्या बाबतीत मात्र समीक्षकांनी हात आखडता घेतला असे मला वाटते. सुरुवातीचे सोळाही मुख्य नकाशे, म्हणजे लढतीची मैदाने, २००९च्या 'मॉडर्न वॉरफेअर २' मधून घेतलेले आहेत, आणि नवे काही नाही ही तक्रार रास्तच आहे. पण त्या नकाशांवर खेळण्याची पद्धत बदलली आहे, हे अनेकांनी एका वाक्यात उरकले. २०२२च्या आधीच्या भागात खेळाडूची ताकद, म्हणजे मरण्याआधी मारा सोसण्याची क्षमता, १०० होती, ती इथे १५० केली आहे. आकडा किरकोळ दिसतो, परिणाम मोठा आहे. पूर्वी ज्याने आधी पाहिले तोच जवळजवळ नेहमी जिंकायचा; आता पाठीत पहिली गोळी लागली तरी वळायला, घसरत आडोशाला जायला आणि उलट मारा करायला वेळ मिळतो. त्यामुळे नेमबाजीचे कसब असलेल्याला त्याचे फळ मिळते. घसरणे मध्येच तोडून पळण्याची जुनी सोय परत आली, बंदूक चालवताच शत्रू पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर लाल ठिपक्यासारखा दिसू लागला आणि नकाशा निवडण्यासाठी मतदानही परतले. 'टर्मिनल' आणि 'हायराइज' हे नकाशे या वेगात विलक्षण रंगतात. 'डिरेल' आणि 'वेस्टलँड' मात्र लांब पल्ल्याच्या बंदुकांना आंदण दिल्यासारखे आहेत; त्यांना वगळले असते तरी चालले असते. काही उपयुक्त साधने मिळवण्यासाठी रोजची आव्हाने पूर्ण करण्याची सक्तीही निव्वळ वेळखाऊ आहे.

ट्रेयार्क या दुसऱ्या स्टुडिओने केलेला झॉम्बी विभाग उर्झिकस्तान या काल्पनिक देशाच्या मोकळ्या नकाशावर घडतो. मित्र सोबत असतील तर पाऊण तास मजेत जातो. मालिकेच्या आधीच्या झॉम्बी विभागांतला, फेरीगणिक चढत जाणारा ताण मात्र त्यात नाही.

एवढी टीका होऊनही २०२३ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक विकल्या गेलेल्या गेममध्ये याचा क्रमांक दुसरा लागला, कारण बहुतांश ग्राहक मल्टीप्लेअरसाठीच पैसे मोजतात. तुम्ही त्यांपैकी असाल तर परीक्षणांतील गुण पाहून मागे हटू नका. केवळ कथेसाठी घेणार असाल तर पूर्ण किमतीला घेऊ नका.